पडवीवर तांब्याचा पत्रा : करावेत का हे उद्योग?

सागरगोटा

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचं आजोबांच्या वेळचं घर आहे. गेल्या दोन पावसाळ्यांत मागची बाजू बसली म्हणून ती उतरवून चिऱ्यात नव्यानं बांधतोय, पुढची ओटी नि माजघर आहे तसंच ठेवून. आर्किटेक्ट तरुण आहे, हुशार आहे, तिचं म्हणणं की जुना आणि नवा भाग जोडणारी जी पडवी आहे आणि तिच्या टोकाला जे देवघर येतंय, त्यावर कौलं न घालता तांब्याचा पत्रा घालू. साधारण 300 चौरस फूट होईल. कारण असं की जुन्या घराची पागोळी आड येते म्हणून उतार फार कमी मिळतोय, कौलांना तो पुरत नाही, आणि रंगीत लोखंडी पत्रा आमच्या खाऱ्या हवेत किती वर्षं टिकतो ते गावात घरोघरी दिसतंच, खिळ्यांच्या भोकापासून सुरुवात होते नि मग चाळण.

वडील म्हणाले, जिथं तांब्याची कळशी विहिरीवर विसरली तर संध्याकाळी सापडत नाही तिथं तुझं छप्पर ठेवतील का लोक. आई म्हणाली, ते सगळं सोड, घासणार कोण?

तर खर्च, टिकणं, हिरवं पडणं, पावसाचा आवाज, जे काय माहीत असेल ते लिहा. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर फारच बरं.

निवांत_नाना

काकूंचा प्रश्न रास्त आहे. चिंचेचं झाड आहे ना परसात? मग फक्त शिडी घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मापटं

सिव्हिलवाला आहे, तांब्याचं छप्पर दोनच कामांवर जवळून बघितलंय, तेवढ्यावर सांगतो.

आधी वजनाचं गणित. छपराला 0.6 किंवा 0.7 मिमी पत्रा वापरतात. तांब्याची घनता पाण्याच्या जवळजवळ नऊपट, म्हणजे 0.6 मिमीचा पत्रा चौरस मीटरला साधारण 5.4 किलो भरतो. तुमचे 300 चौरस फूट म्हणजे 28 चौरस मीटर धरा, नुसतं क्षेत्रफळ झालं 150 किलो. पण दोन पत्रे एकमेकांत दुमडून उभी शिवण काढतात त्यात माल जातो, कडा, वळचण, भिंतीला चढवायची पट्टी, पन्हळ, हे सगळं धरून 190-195 किलोच्या खाली येणार नाही. भाव रोज हलतो, 1000 रुपये किलोनं करून बघा, एक लाख नव्वद-पंच्याण्णव हजार नुसत्या मालाचे. मजुरी वेगळी, आणि खरी गोम तिथेच आहे.

जमेची बाजू म्हणजे वजन. मंगलोरी कौलं चौरस मीटरला 40 किलोच्या आसपास जातात, त्यामुळे खालचे वासे बारीक चालतात. पण पत्र्याखाली सलग फळ्या किंवा मरीन प्लाय लागतो, रीपांवर अधांतरी टाकून चालत नाही. त्यामुळेच आवाजही पत्र्याच्या शेडसारखा ताडताड येत नाही, फळी आवाज खाते. फळीच्या खाली हवा खेळती ठेवा नाहीतर घाम धरेल.

उतार किती अंश मिळतोय ते लिहा. दुहेरी दुमड नीट घातली तर पाच-सात अंशांवरही युरोपात करतात पण त्यांचा पाऊस वेगळा नि वेंगुर्ल्याचा वेगळा, तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि वर वारा आडवा मारतो. मी दहाच्या खाली जाणार नाही.

सागरगोटा

@मापटं, भारीच, आभार. बारा अंश मिळतायत. खरी गोम मजुरीत म्हणजे काय, जरा उलगडून सांगा.

मापटं

म्हणजे माणूस. आपल्याकडे पत्र्याचं काम करणारा म्हणजे वरून स्क्रू मारणारा. तांब्याला वरून भोक पाडायचंच नसतं. फळीवर तांब्याच्याच छोट्या पट्ट्या ठोकायच्या, त्या पट्ट्या शिवणीत दुमडायच्या, पत्रा त्यांनी धरून ठेवायचा पण जखडायचा नाही. कारण तांबं उन्हात लांबतं. 10 मीटरचा पत्रा 40 अंशांच्या फरकाला जवळजवळ 7 मिमी वाढतो आणि रात्री परत आखडतो. स्क्रूनं आवळलात तर तो रोज थोडा थोडा भोकाशी ओढला जाणार आणि काही वर्षांनी तिथेच फाटणार. पत्रा फाटला की मग लोक म्हणतात तांबं खराब निघालं.

कोचीकर_जोशी

इथं केरळात याचं कुणाला नवल वाटत नाही. देवळाच्या श्रीकोविलावर, म्हणजे गाभाऱ्यावर, तांब्याचं छप्पर ही जुनीच रीत आहे. खाली लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या, त्यावर तांबं. पाऊस तुमच्याइतकाच, समुद्रही तोच. मी राहतो तिथल्या देवळाचा पत्रा गडद तपकिरी झालाय, वळचणीच्या कडेला हिरवट. पुजाऱ्यांना विचारलं होतं घासता का, ते हसले.

आणि दिल्लीला राष्ट्रपती भवनाचा मोठा घुमटही तांब्यानं मढवलेलाच आहे, तो कोण घासतं ते मात्र विचारू नका.

बे_एरियातला_बाळ्या

आमच्या सॅन फ्रान्सिस्कोत डी यंग म्युझियम आहे, हर्झोग आणि द म्युरॉन या स्विस जोडगोळीनं केलेलं, 2005 ला उघडलं. सगळी इमारत तांब्यात. नुसता सपाट पत्रा नाही, भोकं पाडलेला आणि फुगवटे-खळगे उठवलेला, झाडाच्या पानांतून ऊन गळताना जमिनीवर जे ठिपके पडतात त्या फोटोंवरून काढलेला नक्षा. हजारो पॅनेल आणि बहुतेक एकासारखं दुसरं नाही.

माझे एक सीनियर सहकारी सांगतात, उघडलं तेव्हा नव्या नाण्यासारखं चकचकीत होतं आणि लोकांनी नावं ठेवली, मग काही महिन्यांत काळपट झालं तर परत नावं ठेवली. आर्किटेक्टांचं म्हणणं मुळातच असं होतं की इथलं खारं धुकं हळूहळू ते हिरवं करेल आणि बाजूच्या गोल्डन गेट पार्कात ती इमारत विरघळून जाईल. मी गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन गेलो होतो, अजून सगळी हिरवी नाहीये. जिथं पाणी ओघळतं तिथं हिरव्या रेघा, उभ्या भिंती अजून तपकिरी. जवळ जाऊन बघितलं तर एकाच पॅनेलवर चार रंग दिसतात, फुगवट्याच्या वर वेगळा, खाली वेगळा.

तेव्हा सागरगोटा, आठवड्याभरात हिरवं होईल ही अपेक्षाही नको आणि भीतीही नको.

सुपारीवाली

थोडं रसायन. हिरवं पडतं म्हणजे काय तर जंगाल. आपल्या घरात ताक तांब्यात ठेवलं की कळकतं, तेही तांबंच सुटल्यामुळं, पण ते अन्नात सुटतं म्हणून वाईट. छपरावर तोच थर कवच होतो. आधी तपकिरी ऑक्साइड, मग हवेतल्या गंधकामुळं किंवा समुद्रकाठी मिठातल्या क्लोराइडमुळं हिरवा थर, आणि तो एकदा घट्ट बसला की खालचं तांबं फार सावकाश झिजतं. लोखंडाच्या गंजासारखा तो फुगून सुटत नाही, हा सगळा फरक आहे.

उभ्या भिंतीपेक्षा उतरत्या छपरावर लवकर येतो कारण तिथं ओल थांबते. घराच्या आत पाऊसच नाही, म्हणून आतलं तांबं तपकिरीच राहतं.

पण एक सांगते जे आर्किटेक्ट लोक सांगत नाहीत. पावसाच्या पाण्याबरोबर थोडं तांबं वाहून जातंच, वर्षाला चौरस मीटरमागे ग्राम-दोन ग्राम. ऐकायला काहीच नाही. पण आम्ही सुपारीवर कोळेरोगाला मोरचूद नि चुन्याचं बोर्डो मारतो, ते बुरशी मारतं ते तांब्यामुळंच, आणि मासे, शेवाळ, बेडकांची पिल्लं यांना अगदी थोडं तांबंही सोसत नाही. तुमच्या छपराचं पाणी माशांच्या टाकीत किंवा विहिरीच्या पुनर्भरणात सोडू नका, मातीत जिरू द्या, माती तांबं धरून ठेवते.

वास्तुशांती

तांबे हा सूर्याचा धातू आहे त्यामुळे देवघरावर अत्यंत शुभ. घरात सकारात्मक ऊर्जा खेळती राहते. ईशान्येला असेल तर सोन्याहून पिवळं. शिवाय तांब्यावर जंतू मरतात हे आता परदेशातही मान्य झालंय.

मापटं

@वास्तुशांती, जंतूंचं खरं आहे. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं 2008 मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना तशी अधिकृत नोंदणी दिली, दोन तासांत 99.9 टक्के जीवाणू मरतात असा दावा करायची परवानगी दिली. पण ते दाराच्या मुठी, कठडे, हॉस्पिटलातल्या पलंगाचे दांडे यांच्यासाठी, जिथं हात लागतो. छपराला हात कोण लावतंय, माकडं सोडून. ऊर्जेचं तुम्ही बघा, मी फक्त अर्थिंगचं बघतो.

निवांत_नाना

माकडांवरून आठवलं, वीज ओढून घेतं का हो तांबं? सीरियस प्रश्न.

मापटं

नाही ओढत. वीज पडायची तिथं उंचवटा बघून पडते, धातू बघून नाही. माड उभे असताना ती तुमच्या पडवीवर कशाला येईल. पण छप्पर धातूचं आहेच तर त्याला जमिनीशी नीट जोडून घ्या, काम सोपं आहे आणि फायद्याचं आहे. फक्त खाली हात पोचेल तिथली तांब्याची पट्टी पाइपात झाका, काकांची भीती तिथं शंभर टक्के खरी आहे, आमच्या एका साइटवर अर्थिंगची पट्टी तीनदा गेली.

मिऱ्याबंदर

धागा आज वाचला. मी केलंय आणि पस्तावलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

रत्नागिरीत घराच्या पुढच्या दारावर तांब्याची छत्री केली, सहा फूट बाय चार फूट, छोटीच. काम एका ओळखीच्या ठेकेदाराला दिलं, नाव घेत नाही, माणूस वाईट नाही पण त्यानं तांबं कधी हाताळलं नव्हतं आणि तसं कबूलही केलं नाही. तांब्याचा पत्रा वर, आणि त्याचं पाणी घ्यायला खाली गॅल्वनाइज्ड पन्हळ, कारण ती त्याच्याकडे उरलेली होती, पत्रा बसवायला साधे लोखंडी स्क्रू. पहिल्या पावसाळ्यात काही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात पन्हळीच्या तळाला, जिथं छत्रीचं पाणी पडतं बरोब्बर तिथंच, पांढरी भुकटी आणि मग भोकं. बाकीची पन्हळ अगदी नवी. स्क्रूंची डोकी गंजून निघून गेली, एका वाऱ्यात छत्रीचा कोपरा उचलला गेला. शिवाय पांढऱ्या भिंतीवर हिरवट ओघळ आलेत ते रंग मारला तरी परत उमटतात.

ठेकेदार म्हणाला पत्रा भेसळीचा होता. मी तो पत्रा काढून बघितला, पत्र्याला काहीही झालेलं नाही. अजून परसात पडलाय, फुकट न्या कुणाला हवा तर.

मापटं

@मिऱ्याबंदर, तुमची छत्री कॉलेजात शिकवण्यासारखी आहे. ओल्यात दोन धातू शेजारी आले की हलका मरतो, हलका म्हणजे वजनानं नव्हे, लवकर गंजणारा. तांब्यापुढं जस्त, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम सगळे हलके. तांब्यावरून आलेलं पाणी जस्तावर पडलं तरी पुरतं, पत्रे एकमेकांना चिकटायचीही गरज नाही. उलट चालतं, म्हणजे वर जस्त नि खाली तांबं, तेव्हा काही होत नाही. आणि मोठ्या तांब्यात छोटा लोखंडी स्क्रू म्हणजे सगळा मार त्या एका स्क्रूवर.

हीच चूक केवढ्या मोठ्या प्रमाणावर झालीय माहितेय? न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. 1886 चा. बाहेरून तांब्याचा पत्रा 2.4 मिमी, आत आयफेलच्या डिझाइनचा लोखंडी सांगाडा. आयफेलला हे कळत नव्हतं असं नाही, त्यानं दोन धातूंच्या मध्ये लाखेत भिजवलेला अ‍ॅस्बेस्टॉस घातला होता. पण तो थर काळाबरोबर भुगा झाला, उलट ओल धरून बसायला लागला, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि रिव्हेटी उपसून निघाल्या. 1986 पर्यंत त्या पट्ट्या बदलून स्टेनलेसच्या बसवल्या, मध्ये टेफ्लॉन. तांब्याची कातडी मात्र बहुतेक सगळी मूळचीच. शंभर वर्षांत तांब्यानं तक्रार केली नाही, शेजाऱ्यानं केली.

त्यामुळे सागरगोटा, पन्हळ तांब्याची, खिळे तांब्याचे, स्क्रू लागलेच तर चांगल्या स्टेनलेसचे. आणि जुन्या घराच्या पागोळीत कुठं गॅल्वनाइज्ड पत्र्याचा तुकडा असेल आणि पडवीचं पाणी उडून त्याच्यावर जात असेल तर तेही आत्ताच बघा. आणि तांब्याच्या वरच्या अंगाला उघडं डांबर नको, डांबराला ऊन लागलं की त्याच्यावरून येणारं पाणी तांब्याला खातं.

कसब्यातला

आमचं मूळ घराणं तांबटांचं, पुण्याच्या तांबट आळीतलं, पेशव्यांच्या काळात कोकणातून वर आलेल्यांपैकी. माझ्या वडिलांनी बंब, घंगाळी, हंडे घडवले, मी बँकेत. तरी लहानपणी कानात बसलेला आवाज जात नाही, आळीत शिरायच्या आधीच ठकठक ऐकू यायची. त्या पक्ष्याला तांबट म्हणतात ते उगाच नाही.

नारळाचं कुणी लिहिलं नाही अजून. वेंगुर्ल्यात पडवीवर माड असणारच. 0.6 च्या मऊ पत्र्यावर नारळ पडला की पोचा येणार आणि तो सपाट पत्र्यावर उन्हात दुरूनही दिसणार. आमच्याकडे पत्रा आधी ताव देऊन मऊ करायचे, म्हणजे लाल तापवून, मग आकार द्यायचा, आणि शेवटी मठारायचं. मठार म्हणजे ते एकसारखे ठोके, चंद्रासारखे दिसतात ते. लोकांना वाटतं नक्षी आहे. नक्षी नाही हो, ठोक्यानं तांबं आवळतं, टणक होतं, तोच पत्रा हातात धरला तर मठारलेला वाकत नाही. आणि पोचा आला तरी ठोक्यांत लपतो.

अख्खं छप्पर मठारून घ्या असं म्हणत नाही, ते परवडणारही नाही आणि शिवणीला त्रास होईल. पण देवघरावरचा कळस आणि दर्शनी पट्टी तांबटाकडून करून घ्या. आळीत आता थोडीच घरं काम करतात, त्यांना दिवे, वाडगे यांच्या ऑर्डरी मिळतात, इमारतीचं काम मिळालं तर त्यांना हवंच आहे. फक्त सांगताना माप घेऊन जा, फोनवरचा फोटो दाखवून असं काहीतरी करा म्हणू नका, वडील त्याला फार चिडायचे.

कंपासपेटी

आर्किटेक्चरची विद्यार्थिनी. महाराष्ट्रातच बघायचं तर अलिबागजवळ चोंढीला स्टुडिओ मुंबईनं, म्हणजे बिजॉय जैन यांच्याकडच्या टीमनं, 2010 च्या आसपास कॉपर हाउस 2 नावाचं घर केलंय. आंब्याच्या बागेत, मध्ये दगडी अंगण, आणि वरचा भाग तांब्यानं मढवलेला. खासगी घर आहे, आत जाता येत नाही, पण फोटो खूप छापून आलेत. नवं असतानाचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवून बघा, पावसाळ्यांनी काय केलंय ते कळतं. मला नंतरचे आवडतात.

शहरात हल्ली टॉवरांच्या लॉबीबाहेर जे तांबं दिसतं ते नव्वद टक्के रंगवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं पॅनेल असतं. त्याला कधी डाग नाही, कधी रंग बदलत नाही, वीस वर्षं तसंच मख्ख. मला त्याचा राग येतो पण क्लायंटला तेच हवं असतं.

घाऊक_शंका

वरून पारदर्शक लॅकर मारला तर? चकाकी राहील, आईही खूश.

मापटं

बाहेर नको. उन्हापावसात लॅकर जागोजाग सुटतो, सुटलेल्या ठिकाणी काळं आणि बाकी चकचकीत, कोड फुटल्यासारखं दिसतं. मग सगळं खरवडून परत मारा. आतल्या सामानाला ठीक आहे.

कोकणरेल_तिसरा_डबा

तांब्याचा भाव एवढा का वाढला यावर कुणी बोलेना. तुतिकोरिनचा तांब्याचा कारखाना 2018 ला बंद झाला, गोळीबारात माणसं मेली त्यानंतर, आणि तेव्हापासून आपण शुद्ध तांबं बाहेरून आणतोय. आणि हाच कारखाना आधी आपल्या रत्नागिरीत येत होता हे किती जणांना आठवतं? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बांधकामही चालू झालं होतं, लोकांनी आंदोलन करून थांबवलं, मग तो तमिळनाडूत गेला. आता कुणी म्हणेल बरं केलं, कुणी म्हणेल

निवांत_नाना

पुरे, पुरे. त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला येतो भांडायला. इथं काकूंच्या पडवीचं चाललंय.

सागरगोटा

(आठ महिन्यांनी)

मंडळी, धागा वर आणतोय. झालं काम.

तांबं घातलंच. कोचीकर जोशींना व्यक्तिगत निरोप केला होता, त्यांनी त्यांच्याकडच्या देवळावर काम केलेल्या दोघांना गाठून दिलं, ते येऊन अकरा दिवस राहिले. मराठी शून्य, हिंदी थोडी, पण हातात काठी घेऊन पत्रा असा दुमडायचे की आमचा सुतार काम सोडून बघत बसायचा. मालाचा अंदाज मापटं यांच्या आकड्यापेक्षा सात किलोनं चुकला, फक्त सात. कळस आणि दर्शनी पट्टी पुण्याला तांबट आळीत, कसब्यातला यांच्या सांगण्याप्रमाणं माप घेऊन गेलो. पन्हळ तांब्याची. पाणी अनंताच्या झाडाच्या आळ्यात सोडलंय, विहिरीकडे नाही.

दोन गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. एक, उघड्या हातांनी पत्रा धरला की घामाचे ठसे उठतात. पहिल्या आठवड्यात सगळ्या छपरावर पंजेच पंजे, एका ठिकाणी तर पाच बोटं स्वच्छ मोजता येत होती. मला वाटलं सत्यानाश. महिन्याभरात सगळंच तपकिरी व्हायला लागलं आणि पंजे त्यात बुडाले, आता शोधावे लागतात. दुसरं, पहिल्या उन्हात दुपारी पत्रा टिक टिक बोलतो. वडील दोन दिवस उंदीर शोधत होते.

पहिला पाऊस सात जूनला झाला. आवाज आहे, पण जाड, कौलांपेक्षा थोडा जास्त, पत्र्याच्या शेडच्या जवळपासही नाही. शिवणींतून थेंब नाही. एक नारळ पडलाय, पोचा आहे, वडिलांनी त्याची जागा सगळ्या पाहुण्यांना दाखवून झालीय. चोरीच्या भीतीनं ते पहिले पंधरा दिवस पडवीतच झोपत होते, आता वारा चांगला लागतो म्हणून तिथेच झोपतात.

आणि आई. काल जुन्या ओटीच्या पायरीवरून वर बघितलं तर वळचणीच्या कडेला, बरोबर तिचा हात पोचेल तेवढ्या उंचीवर, वीतभर तुकडा लखलखीत. विचारलं तर म्हणाली, चिंच उरली होती.